गुलाबी कमोड आणि माझं पोट

पहिल्यांदा झालं तेव्हा मी मोज्यांच्या जोड्या लावत होते. मोज्यांना घाबरण्यासारखं काही नसतं, फार तर एखादा सापडत नाही. पण अचानक छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, श्वास वरच्या वर अडकला आणि माझी खात्रीच पटली की आपण आता मरणार, तेही नवऱ्याचा भोक पडलेला मोजा हातात धरून. लोक मला बघायला येतील आणि मोजाही बघतील, हे काही मला पटेना. म्हणून मी उठले आणि घरातल्या एकुलत्या एक बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने ते जसं आलं होतं तसं गेलं. मी काही मेले नाही. तोंडावर पाणी मारून बाहेर आले तर दारात सासूबाई. माझा पांढराफटक चेहरा त्यांनी नीट न्याहाळला आणि विचारलं, "पोट?"

मी म्हणाले, "हं."

पुढचं सगळं रामायण त्या एका "हं"मुळे घडलं.

डॉक्टरकडे मी गेले, अगदीच मूर्ख नाही मी. शिवणासाठी बटणं आणायला जाते असं सांगून गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून मशीनचा कागद काढला आणि हृदय उत्तम आहे म्हणून सांगितलं. हा भीतीचा झटका असतो, म्हणाल्या. चढत जातो, एका जागी थांबतो आणि उतरतो, त्यात माणूस मरत नाही. श्वास हळूहळू कसा सोडायचा ते शिकवलं, यावर उपचार असतात म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा म्हणाल्या. मी म्हटलं सांगते. घरी आले आणि शिलाई मशीनला सांगितलं.

अडचण अशी की आमच्या घरात खाती वाटलेली आहेत. घाबरण्याचं खातं नवऱ्याकडे, नुसता थर्मामीटर बघून त्याला ताप चढतो. रुसण्याचं सासूबाईंकडे. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला लागल्यापासून सगळ्यांना अक्कल शिकवण्याचं खातं तिच्याकडे. आणि धीर देण्याचं लग्नापासून माझ्याकडे. पाल मी हाकलते, तंटेखोर गिऱ्हाईक मी परतवते. नवऱ्याची दाढ काढायची होती तेव्हा त्याने इतका आरडाओरडा केला की मला त्याचा एक हात आणि दाताच्या डॉक्टरचा एक हात, असे दोन्ही धरून उभं राहावं लागलं. आता धीर देणारीच लटलटा कापायला लागली म्हटल्यावर या लोकांनी धीर आणायचा कुठून, शेजारून वाटीभर मागून?

तेव्हा झटका आला की मी बाथरूममध्ये जायची, बादलीवर बसायची आणि श्वास सोडता सोडता नळाच्या सामानाची नावं घ्यायची. एल्बो, टी, कपलिंग, युनियन, व्हॉल्व्ह. नवरा प्लंबर असल्यामुळे ही नावं मला घरच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ आहेत, आणि ती नातेवाइकांसारखी मधेच प्रश्न विचारत नाहीत.

बाहेर मात्र माझ्या पोटाचा संसार सुरू झाला होता. सासूबाईंनी मला मऊ भात आणि उकडलेलं गाजर लावलं. सकाळी गाजर, दुपारी गाजर, रात्री चव बदलावी म्हणून चिरलेलं गाजर. बाकीचे माझ्यासमोर बसून चमचमीत खायचे आणि माझ्याकडे बघून सुस्कारे सोडायचे. गावाला असलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, सासूबाई रोज फोनवर माझ्या पोटाची बातमी द्यायच्या. आज एकदाच गेली. काल जरा जास्त झालं. मावशी तिकडून पुढे कोणाकोणाला कळवायच्या देव जाणे, पण एका लांबच्या चुलतसासऱ्यांनी मला ज्यांची खूण पटेना अशा कसल्याशा बिया पाठवल्या.

सकाळच्या गर्दीत झटका आला तर मुलगी दार वाजवायची आणि विचारायची की आत राहायलाच गेलीयस का, तसं असेल तर भाडं ठरवून टाकू. नवरा तिला गप्प करायचा आणि दाराशी तोंड आणून हलक्या आवाजात मला सांगायचा की घाई करू नकोस, लाइन आपोआप मोकळी होते. हा माणूस दुसऱ्यांच्या घरात तीन-तीन बाथरूम बसवून येतो आणि आमच्याकडे एकच, त्याचाही नळ रडका. त्याचं त्याला वाईट वाटत असणार. मला आतून ते ऐकू यायचं, पण मी त्या वेळी युनियनपर्यंत पोचलेली असायची.

मग एके दिवशी मी बाजारातून आले तर हॉलच्या मधोमध कमोड ठेवलेला. गुलाबी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लाडक्या बाळासारखा. कोणा गिऱ्हाइकाने तो मागवून मग पांढराच हवा म्हणून परत केला होता. नवरा त्याच्या शेजारी असा उभा होता, जसा तो साखरपुड्यात माझ्या शेजारी उभा होता.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "खास तुझ्या एकटीसाठी. आता थांबायला नको, कोणी दार वाजवायला नको."

वीस-बावीस वर्षांत त्याने मला "खास तुझ्यासाठी" म्हणून आणलेल्या वस्तूंत एक विजेरी होती आणि एक कोयंडा. मी विचारलं, पण बसवणार कुठे? तो मला हाताला धरून स्वयंपाकघरामागच्या बंदिस्त गॅलरीत घेऊन गेला.

ती गॅलरी म्हणजे माझी शिवणाची खोली. तिला दार नाही, पडदा आहे, पण तो माझा पडदा आहे. शिवण मला कोणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून, आत कसं बेतलंय ते बघत बघत मी शिकले, आणि ते सगळं त्या खोलीत. खिडकीतून डाव्या बाजूने उजेड येतो, सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. पँटच्या चेन, पडद्यांच्या दुमडी, कोणाच्या सुटलेल्या कमरेला दोन बोटं सैल, असलं काम घेऊन बायका येतात, स्टुलावर बसतात, बोलतात. या घरात माझी म्हणावी अशी जागा तेवढीच. मी कडेला उभी राहून ऐकत होते आणि नवरा मला दाखवत होता की मशीन आहे तिथे कमोड, कापडांच्या कपाटाजवळ शॉवर, खिडकी बुजवून तिथे छोटी जाळी. मशीन हॉलमध्ये कोपऱ्यात मावेल, म्हणाला. त्याने मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

आता दोनच रस्ते होते. एक तर खरं सांगायचं, नाहीतर माझ्या खोलीचा संडास होऊ द्यायचा. मी अर्थातच तिसरा शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की पोट खडखडीत बरं झालंय, खर्च कशाला करता. सासूबाईंनी शंका घेतली, म्हणून पुराव्यादाखल मी सगळ्यांसमोर बशीभर तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते आनंदाचं आहे असं भासवलं. त्याचा परिणाम काय व्हायचा तोच झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्या बाथरूममध्ये प्रामाणिकपणे गेले. वारंवार गेले. बाहेर नवऱ्याने तिथल्या तिथे गवंड्याला फोन लावला.

गवंडी म्हणजे त्याचा जुना दोस्त. उंच, शिडशिडीत, चालतानाही भिंतीचा सरळपणा बघायच्या दोरी-वजनासारखा सरळ खाली टांगलेला, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात. ओळंबा सकाळीच घण खांद्यावर टाकून आला. माझं मशीन हॉलमध्ये गेलं आणि पाहुण्यासारखं अवघडून कोपऱ्यात उभं राहिलं. त्याच्या जागी कमोड नेऊन ठेवला, बसतोय का नीट ते बघायला. बसत होता. फार नीट बसत होता. मुलगी चहाचा कप घेऊन पडद्याशी उभी राहिली आणि म्हणाली की रंग तरी खिडकीला शोभतोय, पण खिडकीच राहणार नाही म्हणा. ओळंब्याने कमोडचा पाइप जिथून जायचा त्या भिंतीवर टकटक करून बघितलं, घण उचलला, आणि माझ्या छातीत सुरू झालं.

मी बाथरूमकडे पळाले. कडी आतून. "आहे मी," सासूबाई आतून म्हणाल्या, आणि त्या आत असल्या की त्यांचं निवांत असतं. मी परत फिरले. पाय लटपटत होते, कानांत कापूस घातल्यासारखं झालं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते आणि लपायला जागा म्हणून उरली नव्हती. कुठेतरी टेकायला हवं होतं. खोलीत टेकण्यासारखी एकच वस्तू होती. मी तिच्यावर बसले.

"अगं थांब, थांब," नवरा किंचाळला. "ते जोडलेलं नाहीये."

त्याच्या चेहऱ्यावर इतकी खरी दहशत होती की मला हसू यायला हवं होतं. पण मला श्वासच येत नव्हता. मुलीने चहाचा कप छातीशी धरला. ओळंब्याने सभ्य माणसासारखं भिंतीकडे तोंड केलं.

"पोट नाहीये," मी म्हणाले. "पोटाला काही झालेलंच नाही. मला भीती वाटते."

"कोणाची? माझी?"

"कोणाचीच नाही. आपली आपण येते. आत्ताही आलीय."

मला वाटलं आता हा चक्कर येऊन पडणार, कारण घाबरण्याचं खातं त्याचं. पांढरा तर तो पडलाच होता. पण तो खाली फरशीवर बसला, कमोडला टेकून, आणि माझा घोटा हातात धरला. अनोळखी घरात पहिल्यांदा नळ उघडताना तो मान तिरकी करून ऐकतो, तशी मान केली.

"चढतंय की उतरतंय?" त्याने विचारलं.

इतक्या दिवसांत मला कोणी विचारलेला तो पहिला अक्कलवान प्रश्न होता, अर्थात मीच कोणाला विचारू दिलं नव्हतं. मी म्हटलं, चढतंय. त्याने मान हलवली. घाबरू नकोस म्हणाला नाही, पाणी आणू का म्हणाला नाही. नुसता घोटा धरून बसला. जरा वेळाने म्हणाला, "आता?"

"थांबलंय."

"मग फोडायचं का नाही?" ओळंब्याने भिंतीला विचारलं. घण अजून त्याच्या हातातच होता आणि तो हलका नव्हता.

मुलगी तोवर बाथरूमच्या दाराशी गेली होती आणि आजीला आरडून सगळा वृत्तान्त देत होती, की पोट नाही, आईला भीतीचे झटके येतात, आत जाऊन बसते ती त्यासाठी. आतलं पाणी बंद झालं. कडी निघाली. सासूबाई ओल्या हातांनी तशाच आल्या, गुलाबी कमोडवर बसलेली मी आणि खाली बसलेला त्यांचा मुलगा यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता गाजरांचा हिशेब मागणार.

"म्हणजे मला टाळायला जात नव्हतीस तू आत?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्हाला कशाला टाळू?

"मी आले की उठायचीस आणि कडी लावायचीस. मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही हिला." त्यांनी हात पदराला पुसले, पुसून झाले तरी पुसत राहिल्या. "म्हटलं रोज काही ना काही करून घालावं. कधीतरी बाहेर बसेल."

यावर मला रडू आलं, आणि रडताना श्वास आपोआप खाली गेला. घोटा धरलेल्या हाताला मी सांगितलं की उतरतंय.

मग एवढं सांगून झालंच आहे तर उरलेलंही सांगून टाकावं म्हणून मी म्हणाले, "आणि ही खोली मला हवी आहे."

नवरा म्हणाला, मग आधी सांगायचं ना. मी म्हटलं, तुम्ही खास माझ्यासाठी म्हणालात, आणि तोंड असं केलं होतं की कोणाला नाही म्हणवेल. तो कमोडकडे वळून बघू लागला, पण त्याच्यावर मी बसलेले असल्यामुळे त्याला नीट दिसेना. मग ओळंब्याला म्हणाला की राहू दे, नाही फोडायचं.

हे ओळंब्याला आवडलं नाही. घण जिन्यावरून वर आणलाय, म्हणाला, सकाळ मोडलीय, काहीच न फोडता खाली न्यायचा म्हणजे दिवसभर खांदा कुरकुरतो. काहीतरी द्या फोडायला. तेव्हा मी म्हटलं, खिडकी मोठी करा.

नवरा म्हणाला, अशक्य, त्या भिंतीतून मेन लाइन गेलीय. मी म्हटलं, सरकवा. तो म्हणाला, मेन लाइन म्हणजे काय कपाट आहे का? मी म्हटलं, तुम्ही लोकांच्या घरच्या सरकवता ना, मग स्वतःच्या घरची का नाही, की इथे पैसे मिळत नाहीत म्हणून? मुलगी म्हणाली, बाबा, तिच्या बोलण्यात मुद्दा आहे. सासूबाईंनी दरम्यान मावशींना फोन लावून टाकला होता आणि पोट ठणठणीत आहे, बिया पाठवणाऱ्यांना परत कळव, घाबरते फक्त, असं त्या खणखणीत आवाजात सांगत होत्या. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं की मावशीच्या शेजारणीलाही असंच होतं म्हणे, तिचा नवरा तिला दमा समजतो, तर तुझा नंबर देऊ का. मी म्हटलं द्या. त्यांनी दिला, आणि वर हेही सांगितलं की दुपारी करायला सांग, सकाळी ही शिवत असते.

झटका आता नव्हता. या गोंधळात तो नेमका कधी गेला ते माझ्या लक्षातच आलं नाही. परत येईल, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय आणि मलाही माहीत आहे. नवरा टेप घेऊन भिंतीपाशी उभा होता आणि पाइप कुठून गेलाय ते बोटांनी ठोकून ठोकून शोधत होता. शेवटी त्याने खिडकीच्या चौकटीपासून थोडं पुढे पेन्सिलीने एक रेघ मारली.

"एवढी?" त्याने विचारलं.

"अजून थोडी," मी म्हणाले.

त्याने कपाळाला हात लावला आणि अजून थोडी पुढे रेघ मारली.