आमेन कोणी म्हणायचं

"भात निवून राहिला ना वो बाई," शकुनबाई म्हणाली. "खाऊ घाल त्याइले. कायची वाट पाहून राहिली?"

निर्मलाबाईपुढे मऊ भातावर वरण वाढलेलं ताट होतं आणि खाटेवर उशीला टेकवून बसवलेला तिचा नवरा, शांतवन. पंधरवड्यापूर्वी भांड्यांच्या कारखान्यात पाण्याचे पितळी गुंड घासता घासता तो बाजूला कलंडला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आज दुपारी भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणला, त्यानंतरचं हे पहिलं जेवण. आणि या घरात प्रार्थनेशिवाय घास उचलायचा नाही, अशी रीत. ती प्रार्थना आजवर शांतवनच म्हणत आला होता.

शेजारच्या शकुनबाईला या रीतीची मोठी गंमत वाटायची. "तुमच्या देवाले ताट दाखवल्याबिगर जेवता येत नाही वाटते," म्हणून ती चिडवायची आणि तरी प्रार्थना चालू असली की आपणही डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची.

प्रार्थना होती साधीच. "प्रभू, या अन्नावर तुझी कृपा असो. माझ्यावर, निर्मलेवर आणि करुणेवर असो." मग निर्मलाबाईने आमेन म्हणायचं आणि जेवायला लागायचं. त्यांची मुलगी करुणा लहान असताना भुकेने मध्येच आमेन म्हणून मोकळी व्हायची. शांतवन हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

त्या माणसाने आयुष्यात देवाकडे दुसरं फारसं काही मागितलं नाही. एकच हौस होती. लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब ख्रिस्ती देवळात वधूवरांची नावं वाचतात, कोणाची हरकत आहे का विचारतात. तसं आपल्या करुणेचं नाव वाचलं जावं. इनमिन पंधरा घरांची मंडळी, हरकत घेणार कोण? पण कोणत्या बाकावर बसून ते नाव ऐकायचं, हेदेखील त्याने ठरवून ठेवलं होतं.

करुणेने बपेरा गावचा टेकचंद पसंत केला. धानाची शेती, पोरगा गुणी, कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण लग्न लागलं मांडवात, हिंदू रीतीने अक्षता टाकून. शांतवन गेला नाही आणि बायकोलाही जाऊ दिलं नाही. शहात्तर सालची ही गोष्ट. त्या संध्याकाळी प्रार्थनेत दोनच नावं आली.

"पोरीचं नाव राह्यलं," निर्मलाबाई म्हणाली.

"राह्यलं नाही. गाळलं."

"मंग माझं आमेनबी गाळा."

आणि बाई शब्दाला पक्की. त्या दिवसापासून ती मान खाली घालून बसायची, पण तोंड उघडायची नाही. शांतवन वाट पाहायचा. वरणावर साय धरायची. शेवटी तोच हळू आवाजात आमेन म्हणायचा आणि जेवायला लागायचा. एरवी भांडण नव्हतं. मिठाचं, रेशनचं, पाहुण्यारावळ्याचं सगळं बोलणं व्हायचं. तिला घर खायला उठायचं ते फक्त जेवणाच्या वेळी, आणि जेवण तर रोज दोनदा. ज्या दिवशी हा नाव घेईल, त्या दिवशी शकुनबाईच्या अंगणात ऐकू जाईल असं आमेन म्हणेन, हे तिने मनाशी ठरवलेलं. एकदा नाताळात तो "निर्मलेवर" म्हणून थांबला. तिने मान वर करून पाहिलं. तो खाकरला, म्हणाला, "आणि या घरावर." झालं.

आता प्रार्थना तिच्या हाती आली होती. नाव घ्यायला अडवणारं कोणी नव्हतं. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. भीतीच वाटली.

तिने मान खाली घातली. "प्रभू, या अन्नावर तुझी कृपा असो. यांच्यावर, माझ्यावर," ती अडखळली, "आणि करुणेवर असो."

आणि थांबली. आता आमेन म्हणायची पाळी त्याची होती.

खाटेवरून काही आलं नाही. तिने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं, या आजारात पाणी येतच राहतं, त्यात काही शोधू नका. ओठ हलले की नुसते थरथरले, तेही कळेना. त्याला म्हणता येत नव्हतं की म्हणायचं नव्हतं? आता हे कधी कळणार नव्हतं.

"म्हण ना वो थे तुमचं शेवटचं," शकुनबाई कुजबुजली. "मी म्हणू का?"

"नको. थे त्याइचं होय."

शकुनबाई दार लोटून निघून गेली. निर्मलाबाई बसून राहिली. वरणावर साय धरली. मान खाली घालून समोरच्याच्या एका शब्दासाठी बसणं काय असतं, हे तिला आज कळत होतं. सात वर्षं तो असाच बसला होता, आणि ती समोर असून त्याला एकटं ठेवत आली होती.

"आमेन," ती हळूच म्हणाली, त्याच्यासाठी, तो म्हणायचा तसं.

मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाली. हे तिचं स्वतःचं होतं. आवाज मात्र अंगणापर्यंत गेला नाही.

तिने बोटाने वरणावरची साय बाजूला सारली आणि पहिला घास त्याच्या ओठांशी नेला.