एकोणिसावा एक

मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी, ते विचारू नका मित्रांनो; मोजणारे नव्हते तेव्हाही मी होते. एक हा अंक एकोणीस वेळा शेजारी शेजारी लिहा, की मी उभी राहते.

मी मूळ संख्या आहे. एक आणि मी स्वतः, यांखेरीज कोणीही मला निःशेष भागू शकत नाही. नुसत्या एकांच्या आमच्या कुळात अकरानंतरची मूळ संख्या थेट मीच. एकेक भाजक लावून हे पडताळायचे, तर सेकंदाला एक या वेगाने, डोळा न मिटता, तेहतीस वर्षे लागतील. माणसांनी मात्र शंभर वर्षांपूर्वी निव्वळ बुद्धीने ते सिद्ध केले. आमच्या कुळातल्या मूळ संख्या कुठे संपतात का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. माझी स्तुती ग्रंथांत गेली आणि ग्रंथ कपाटांत गेले.

तिथून मला वसईजवळच्या पापडी गावच्या टिफनीने बाहेर काढले. नववीतल्या या मुलीने सहा महिने खपून माझ्यावर बारा पानांचे टिपण लिहिले. गणित प्रदर्शनासाठी मला फलकावर रंगवायचे काम तिचे वडील स्टॅनी यांच्याकडे आले.

"पप्पा, एकोणीस हां. मोजून!"

"अगं, चर्चच्या अख्ख्या फेस्ताचे, जत्रेचे बोर्ड रंगवतो मी. तुझे एक जड आहेत काय मला?"

वसईच्या प्रदर्शनात परीक्षक भालचंद्रराव फलकापुढे थांबले. त्यांनी अंकांची बेरीज केली.

"अठरा. म्हणजे नऊने भाग जातो. बाळ, हे पाचवीत शिकवतात." आणि त्यांनी 'बाद' असा शेरा मारला. त्यांचे गणित अचूक होते. शेजारचे टिपण त्यांनी उघडले नाही. अधिकाराला वाचनाची सवड क्वचितच मिळते.

टिफनीचा चेहरा उतरला. सहा महिने आपण खोट्यावर भाळलो होतो का? तिने खिशातली जपमाळ काढली आणि एकेका अंकाला एकेक मणी सरकवू लागली. दहा-दहा मण्यांचे दोन गट. शेवटी एक मणी उरायला हवा. दोन उरले.

"पप्पा, एक कुठाय?"

स्टॅनींचे कान लाल झाले. "कडेला एकटाच पडत होता गं. बरा दिसत नव्हता. म्हटलं, एवढ्या गर्दीत एक गेला तर कोणाला कळतंय?"

ते धावत स्कूटरपाशी गेले, ब्रश घेऊन आले आणि फलकाच्या चौकटीवरच शेवटचा एक काढला. रंग ओला होता.

"आता भागा, सर," टिफनी म्हणाली.

भालचंद्ररावांनी तिनाने भागले. बाकी एक. साताने भागले. बाकी एक. नऊ, अकरा, तेरा, सदतीस. प्रत्येक वेळी बाकी एक. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी टिपणाचे पहिले पान उघडले. बऱ्याच वेळाने त्यांनी आपला शेरा खोडला.

मित्रांनो, ते अठरा एक या साऱ्या भाजकांत निमूट वाटले गेले होते. कडेला एकटा पडणारा तो एक आला, आणि मला कोणीच भागू शकेना. म्हणून सांगते, कोणालाही वगळण्याआधी मोजा. आणि मोजून झाले, की कडेला कोण उभे आहे तेही पाहा.