न दिसणारं रफू

गरजूंना फुकट वकील मिळतो त्या खोलीतला पंखा वारा कमी आणि कुरकुर जास्त करत होता. वकीलबाई माझ्याहून लहानच असतील. समोरच्या फायली बाजूला सारून त्या म्हणाल्या, "ताई, पोलिसांत तक्रार नाही. दवाखान्यात तुम्ही 'पाय घसरला' म्हणून सांगितलंत. काहीतरी हातात हवं. फाटलेले कपडे तरी आहेत?"

ते होते. नवऱ्याचा हात उठायचा तेव्हा आधी माझा कपडाच त्याच्या मुठीत यायचा. घर सोडताना हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं होतं, त्यातला एक कुर्ता मी काढून दिला. वकीलबाईंनी तो खिडकीशी धरून उलटसुलट केला.

"कुठे फाटलाय?"

"नाही ना दिसत?" मी म्हणाले, आणि चक्क हसले.

लाँड्रीत रफू करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक भोक शोधत बसलं की माझी कॉलर ताठ होते, तशी इथेही झाली. वकीलबाई काही हसल्या नाहीत, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने फाडायचं आणि मी त्याच कापडातला धागा काढून सांधायचं, वर धुऊन इस्त्री करून ठेवायचं, असा आमचा संसार. त्याची बाजू माझ्याइतकी चोख कुणी सांभाळली नसती. मला स्वतःचीच चीड आली.

"आतून बोट फिरवा," मी म्हणाले. "हाताला लागेल. खिळ्याला अडकलं की कापड कोनात फाटतं. कुणी हिसका दिला की शिवणीपासून सरळ चिरत जातं. हे सरळ आहे."

त्यांनी बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं. "कोर्टात सांगाल हे?"

"सांगेन."

"आणि मुलीचं काय?"

माझी छकुली दाराजवळच्या बाकावर पाय हलवत बसली होती. आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे राहायला आल्यापासून ती मोठ्या माणसांच्या बोलण्यात तोंड घालत नाही. नवऱ्याने अर्ज केला होता, दर शनिवार-रविवार मुलगी त्याच्याकडे हवी म्हणून.

"तिला त्याने कधी बोटसुद्धा लावलं नाही," मी म्हणाले. "उगाच खोटं कशाला बोलू?"

"मग नाही म्हणायला आपल्याकडे कारण नाही, ताई. तिला पाठवावं लागेल."

मी बाकाकडे पाहिलं. पण जे खरं ते खरं. बाप म्हणून तरी तो बरा आहे, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं त्या घरात काढली होती. तेवढंही खोटं निघालं असतं तर मी कशासाठी सोसलं, हे मला सांगता आलं नसतं.

"बाकीचे कपडेही दाखवा," वकीलबाई म्हणाल्या. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. माझ्या कपड्यांत छकुलीचा पांढरा फ्रॉक निघाला. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके, शेवटी ही एवढी गाठ. हे माझ्या हातचं काम नव्हतं.

मी फ्रॉक उलटा केला. शिवणीपासून छातीपर्यंत कापड सरळ चिरलं होतं.

"छकुले, हे कुणी शिवलं?"

ती बाकावरून उतरून आली. आधी वकीलबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मीच. तू कामावर गेली होतीस."

"फाटलं कसं?"

"बाबांनी ओढलं." आणि घाईघाईने म्हणाली, "पण मी रडले नाही, आई. तू पण कुणाला सांगत नाहीस ना?"

मला हुंदका आवरेना. या पोरीला मी साधं बटण लावायला शिकवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून भलतंच शिकली होती. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि लिहायला पेन उचललं.

छकुली फ्रॉकवरच्या टाक्यांवरून हात फिरवत होती. "मला तुझ्यासारखं नाही जमलं. सगळं दिसतंय. तू नीट करून दे ना."

सवयीने माझा हात पिशवीतून निघालेल्या सुयांच्या डबीकडे गेला. झाकण उघडलंसुद्धा. मग मी ते बंद केलं आणि तिला जवळ ओढलं.

"नको, बाळा," मी म्हणाले. "राहू दे. दिसू दे सगळ्यांना."