आंदण दिलेली स्कूटर

साहेबरावांनी किकवर पाय ठेवून अंगाचं सगळं वजन टाकलं, पण किक तसूभरही खाली गेली नाही. त्यांनी स्कूटर डाव्या अंगाला कलती केली, जरा वेळ तशीच धरली, सरळ केली आणि पुन्हा पाय टाकला. भिंतीला लाथ मारावी तसा पायच दुखावला.

"जाम झालीया," ते म्हणाले.

इंदापुरातल्या त्या अंगणात तिघं त्यांच्याकडे बघत होते. जावई सुमित कमरेवर हात ठेवून उभा होता. विहीण शालनबाई उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. आणि त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून, साहेबरावांची लेक करुणा.

"गाडी तुमची आन् लेक बी तुमचीच, पाव्हणं," शालनबाई म्हणाल्या. "दोघींची कुरकुर काय संपत न्हाय."

साहेबराव कसनुसं हसले. विहिणीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली आणि गुडघ्यावर बसले.

स्कूटर खरोखरच त्यांची होती. गोल पाठीची, आकाशी रंगाची. नंबर लावून कित्येक वर्षं डोळ्यांत प्राण आणून वाट बघितली तेव्हा दारात आलेली. जळोचीहून बारामतीच्या कचेरीत जायचं तर तिच्यावरच, आणि तेही टापटिपीत. बायको लवकर गेली. त्यानंतर दर रविवारी सकाळी बाप आणि लेक या स्कूटरसमोर बसायचे. दुसऱ्यांच्या पोरी भातुकली मांडायच्या, करुणा पाने-पकडी मांडायची. शाळेत असतानाच ती प्लग काढायची, पॉलिश पेपरनं घासायची, टोकांमधली फट डोळा बारीक करून बघायची.

"ध्यानात ठेव," साहेबराव तिला सांगायचे, "ही फट वापरून वापरून वाढती. आपसूक कमी कवाच होत न्हाय."

अशी ही लाडाची स्कूटर त्यांनी लग्नात जावयाला देऊन टाकली. कुणी मागितली नव्हती. लग्न विहारात झालं, पांढऱ्या साडीत, ना हुंडा ना मानपान, आणि त्याचा साहेबरावांना केवढा अभिमान! भेटेल त्याला ते ऐकवायचे. पण सुमितची नोकरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, पोरगी मागच्या सीटवर बसून बाजारात जाईल, एवढंच त्यांच्या मनात आलं. ज्या वयात लोक सायकल सोडतात त्या वयात त्यांनी ती पुन्हा धरली. चारचौघांनी वेड्यात काढलं, तरी ते खुशीत होते.

लग्नानंतर करुणा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आबा, मला तितं करमत न्हाय."

"करमंल की," ते म्हणाले होते. "नवी गाडी बी लगीच पळवत न्हाईत. रुळायला येळ लागतो." आपल्या या बोलण्यावर ते स्वतःच खूश होऊन हसले. करुणा हसली नाही. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि शालनबाईंनी तिला पुन्हा माहेरी धाडलंही नाही.

मग एकदा त्यांच्या शेजारच्या दुकानात तिचा फोन आला. "आबा, स्कूटर चालू होत न्हाय. तुमी या." साहेबराव पिशवी घेऊन एसटीत बसले. पेट्रोलची नळी निखळली होती, तेवढी जोडली. चहा घेतला, जावयानं वाहवा केली, संध्याकाळी घरी. पावसाळा सरल्यावर पुन्हा फोन. या वेळी प्लगची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली निघाली. साहेबरावांना मोठी गंमत वाटली. परत आल्यावर कचेरीत त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली.

त्याच खेपेला करुणाच्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता.

"ह्ये काय गं?"

"सायलेन्सर लागला, आबा."

"जपावं, बाळ," असं म्हणून ते पुन्हा प्लगकडे वळले होते.

आज फोन सुमितनं केला होता. करुणानं नाही.

साहेबरावांनी प्लग काढला. टोक कोरडं ठणठणीत, पांढरट पडलेलं. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"आवं जावयबापू, पेट्रोलात ऑइल घातलं न्हाय का? ही नुसत्या पेट्रोलवर चालत न्हाय. पिस्टन धरलाय तिचा."

"त्ये करुणाच बघायची, मामा," सुमित म्हणाला. "लय दिवस झालं, हातच लावत न्हाय गाडीला. चार येळा सांगितलं, ऐकत न्हाय."

"मग तुमी घालायचं."

"मला काय कळतंय त्यातलं? मला पाना बी धरता येत न्हाय. आजवर या घरात गाडीचं काय उघडलं असंल त्ये तिनंच."

साहेबरावांच्या हातातला प्लग हातातच राहिला. त्यांनी तो उन्हात धरून फटीकडे पाहिलं. फट वाढली होती, वाढायची तशीच. मागच्या खेपेला मात्र ती मिटलेली होती. दगडावर ठोकून मिटवावी तशी मिटलेली. आणि हे आपण हसत हसत चार जणांना सांगत सुटलो!

त्यांनी मान वाकवून स्कूटरच्या पोटाखाली पाहिलं. सायलेन्सर तिथं होता, अगदी तळाशी. तिथं हात भाजायचा तर माणसाला जमिनीवर आडवं पडून तो आत घालावा लागला असता. या स्कूटरचा स्क्रू न् स्क्रू त्यांना ठाऊक होता. ठाऊक असून त्यांनी 'जपावं, बाळ' म्हटलं होतं. त्यांना स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

ते उठले. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून म्हणाले, "हितं हुण्यासारखं काम न्हाय. बारामतीला न्यावी लागंल. टेम्पो आना, जावयबापू."

सुमित गेला. शालनबाई जागच्या हलल्या नाहीत.

"विहीणबाई, वाईच चा टाका की."

"सूनबाई हाय की टाकायला."

"तिच्या हातचा जलमभर पिलोय. तुमच्या हातचा पाजा एकदा."

शालनबाईंना ते मानाचं मागणं नको होतं असंही नाही. गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येईपर्यंत साहेबराव थांबले, मग पायरीपाशी आले.

"करुणे, प्लग तूच ठोकला हुतास?"

तिनं खाली बघतच होकाराची मान हलवली.

"आन् नळी?"

पुन्हा मान हलली.

"सुमित मारतो तुला?"

करुणानं पदर ओढून मनगट झाकलं. "एकटा त्योच न्हाय," ती म्हणाली.

साहेबरावांनी हातातला प्लग फडक्यानं पुसला. "पिशवी भर तुजी," ते म्हणाले. "टेम्पोत जागा हाय. कुनाला काय इचारू नगं, कपडं घे आन् चल."

"दोनी बारीला भरून ठिवली हुती, आबा." तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. "तुमी चा पिला आन् गेलात. तुमी गेल्यावर त्यास्नी ती पिशवी घावली."

आत कपबशा वाजल्या. करुणानं एकदा मागं वळून बघितलं.

"या बारीला मी काय बी केलं न्हाय, आबा," ती म्हणाली. "या बारीला ती खरीच बंद पडलीया." आणि चहाचे कप आणायला ती आत गेली.

साहेबरावांनी चहा घेतला नाही. कप पायरीवर तसाच राहिला, वर साय धरली. शालनबाई म्हणाल्या, "आवडला न्हाय व्हय?"

टेम्पो आला. ड्रायव्हरनं आणि सुमितनं स्कूटर उचलून आत घातली. घालताना तिची आकाशी बाजू फाळक्याला घासून ओरखडा उमटला. एरवी कुणी तिच्यावर ओला हात ठेवला तरी साहेबराव अंगावर धावून जायचे. आज ते पायरीवर बसून राहिले.

"चला की, मामा," सुमित म्हणाला. "बसा म्होरं."

"जाऊ दे तिला."

"कुठं जाऊ दे? मिस्त्री कोन, पत्ता काय, ह्येला कसं कळंल?"

"कुठंबी टाकू दे. भंगारात टाकली तरी चालंल."

ड्रायव्हर दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. शालनबाई दारात आल्या. पाव्हण्यांचं काहीतरी बिनसलंय हे आता त्यांच्याही ध्यानात आलं, आणि त्यांचा आवाज चढला. "ह्ये काय नवीन? गाडीसाठी बोलिवलं तुमास्नी. गाडी चालली, आन् तुमी हितं काय करताय?"

साहेबरावांनी पायातल्या चपला काढल्या, पायरीच्या कडेला जोडीनं लावल्या आणि भिंतीला पाठ टेकली.

आतून करुणाचा आवाज आला, दाराआडून, घाबरलेला.

"आबा, एसटी चुकंल तुमची."

"चुकू दे," साहेबराव म्हणाले.