जिन्यात संपलेली गोष्ट

मी एक जुनी बोलकी कादंबरी आहे, मित्रांनो. म्हणजे डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायची. मला पान नाही, पुठ्ठा नाही. सार्वजनिक वाचनालयातून फुकटात लोकांच्या फोनमध्ये जाते आणि मुदत संपली की आपली आपण परत येते. दंड नाही, कटकट नाही.

माझा जन्म झाला भिंतींना गोधड्या लावलेल्या एका खोलीत. मला वाचणाऱ्या बाई उपाशीपोटी बसल्या होत्या. शेवटच्या प्रकरणात त्यांच्या पोटात असं गुरगुरलं, की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळाली. ते कापायचं राहूनच गेलं. लोक गोष्टीला वाहवा म्हणायचे आणि त्या जागी नाक मुरडायचे. पुढे गुळगुळीत आवाजाच्या नव्या कादंबऱ्या आल्या आणि मला कुणी विचारेना.

मग मी एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंकडे गेले. मोतीबिंदूमुळे त्यांना सुई ओवता येत नव्हती, म्हणून मला ऐकत बसायच्या. माझ्यात एक हरवलेली बहीण आहे. ती घरी येते की नाही, याचा त्यांना घोर लागला होता. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी जाऊ राहायची. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचं असं बिनसलेलं, की जिन्यात गाठ पडली तर दोघी भिंतीकडे बघायच्या.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. दोन प्रकरणं उरलेली. पण बाई पडल्या प्रामाणिक! त्या तडक वाचनालयात गेल्या आणि पुस्तकं परत टाकायच्या पेटीत त्यांनी अख्खा फोन टाकला. मी आपली बोलतेच आहे. माझा शेवट ऐकला कुणी, तर पेटीतल्या दोन स्वयंपाकाच्या पुस्तकांनी आणि एका शब्दकोशानं. मग बॅटरी संपली.

बाई घरी जाऊन फोन मागायला परत आल्या, तेव्हा ग्रंथपालबाई पेटी उघडत होत्या.

"अहो, फोन का टाकलात?"

"पुस्तक त्यात आहे ना!"

"ते आपलं आपण परत येतं. आता बॅटरी भरेपर्यंत मुदत संपेल. एकच प्रत आहे, आणि तुमच्या मागे नंबर लागलाय."

"मग ती बहीण? येते का घरी? नको, सांगू नका. मला ऐकायचंय."

दिवस मावळला. मी पुढच्या नंबराकडे गेले. बघते तर काय, तेच घर, फक्त वरचा मजला! मला चोरून ऐकताना धाकटीच्या कानावर फरशीची नक्षी उमटली होती.

तिनं मला सुरू केलं आणि लगेच थांबवलं. जिन्यात येऊन बसली, भिंतीकडे बघत म्हणाली, "जाऊबाई, बहिणीची बोट सुटली, तिथून पुढे लावतेय. ऐकायचं तर ऐका."

खालचं दार उघडलं. "मोठ्यानं लाव. आणि सरक जरा, सगळी पायरी काय माहेरून आणलीस?"

गोष्टीतली बहीण घरी आली. दारात उभी राहिली. आणि नेमकं तेव्हाच वाचणाऱ्या बाईंचं पोट गुरगुरलं.

"अगं बाई, उपाशी आली गं ती!" शिंपीणबाई म्हणाल्या.

धाकटी खो खो हसली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

"या फोनच्या नादात कुठलं जेवण!"

"चला वर."

वर जाण्याआधी धाकटीनं मला तिथल्या तिथे परत केलं. मित्रांनो, मी फाटत नाही, मळत नाही. माझी काळजी घ्यायची ती एवढीच. ऐकून झालं, की मुदतीची वाट बघू नका, मला सोडा. कुणीतरी वाट बघत असतं. कदाचित तुमच्याच वरच्या मजल्यावर, फरशीला कान लावून.