सुतळीला बांधलेला अंक

मी स्वतः लिहून-छापून काढत असलेलं कॉमिक सहाव्या अंकानंतर मीच बंद केलं. अंक खपत नव्हते, छपाईचा खर्चही निघेना. आमच्या पणदरे गावात तर एकच प्रत गेली होती. रागानं मी गावची दूध डेअरी चालवणाऱ्या चुलत्यांना तिथंच गाठलं.

“तात्या, गावाला माझं कॉमिक नको होतं, तर तोंडावर सांगायचं!”

“कोण म्हणतं?” त्यांनी खांबाकडं बोट केलं. तिथं माझा अंक सुतळीनं बांधला होता, दुधाच्या डागांनी कडक झालेला. दूध घालून झालेल्या बायका त्यापुढं रांगेत उभ्या होत्या.

“सारं गाव हितंच वाचतंय. दुसरी प्रत कशाला घ्यायची?”

मी कपाळावर हात मारून पुढं सरकले. एक बाई मागं न बघताच खेकसली, “रांगेत ये, पोरी. आमचं वाचायचं हाय अजून!”

मी ताठ मानेनं रांगेत शेवटी उभी राहिले.