मिरच्या भाजल्या त्या दिवशी मी खणात होतो

मी एक जुना निळा पंप आहे. पाणी ओढणारा नव्हे हं, दम्याचा! मुठीत मावेन एवढाच. पोटात औषधाची डबी, खाली तोंडात धरायची नळी. डबी संपली की नवी बसते. पण हे निळे अंग चार वर्षांचे आहे आणि त्यावरचे ओरखडे इस्क्राच्या नखांचे आहेत. इस्क्रा तेरा वर्षांची. आम्ही लेस्कोवात्स नावाच्या शहरात राहतो.

माझा जन्म अगदीच साधा. एका यंत्राने साच्यातून ढकलले, दुसऱ्याने पाठीवर शिक्का मारला, झाले! खरे आयुष्य सुरू झाले ते इस्क्राच्या खिशात. शर्यतीआधी ती दोन फवारे घ्यायची आणि मग अशी सुटायची की माझी हाडे खिळखिळी व्हायची. मुली विचारत, "खिशात काय खडखडतंय गं?" ती म्हणे, "माझं इंजिन!" मित्रांनो, तेव्हा मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पण स्तामेना आजीला मी डोळ्यांसमोर नको असे. "सारखं ओढून सवय लागेल पोरी. काळ्या मुळ्यात मध घालून देते. तुझ्या बापाचा दमा त्यानंच पळाला." आणि एके दिवशी तिने मला उचलून कपाटाच्या खणात, टेबलावरच्या चादरींखाली ठेवून दिले. तिथे मी महिनाभर पडून होतो. शाळेला सुट्टी होती, शर्यती नव्हत्या, म्हणून इस्क्राने मला शोधलेही नाही.

मग सप्टेंबर आला. आमच्याकडे सप्टेंबर म्हणजे मिरच्या. पोतीच्या पोती लाल, ढोबळीसारख्या मोठ्या मिरच्या भाजायच्या, सोलायच्या आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. त्या दिवशी अंगणात पाऊस होता, म्हणून आजीने आणि शेजारच्या देसांका काकूने स्वयंपाकघरातच चूल पेटवली. मिरच्यांची साले काळी पडू लागली. धूर खणाच्या फटीतून माझ्यापर्यंत आला.

खिडकी उघडल्याचा आवाज झाला. लगेच धाडकन बंद.

"वाऱ्याचा झोत लागेल ना! घामेजल्या अंगाला वारा लागला की मान धरते."

"आजी, धूर..."

"धुरानं काय होतंय? झोतानं या देसांकाचा नवरा आठवडाभर वाकडा चालत होता."

"अजून चालतो," काकू म्हणाली, आणि दोघी हसल्या.

इस्क्रा हसली नाही. मला एक बारीक शीळ ऐकू आली. ती शीळ मी ओळखतो. आधी श्वास सोडताना, मग घेतानाही. मग खुर्ची पडली. मी खणात! मला हात नाहीत, मित्रांनो. हाक मारायला तोंड आहे, पण त्यातून आवाज निघत नाही.

दार उघडले. इस्क्राचे बाबा, रादोये, गॅरेजमधून जेवायला आले होते. त्यांनी ती शीळ उंबऱ्यातच ओळखली.

"आई, पंप कुठाय?"

"ठेवला होता... अरे देवा, कुठं ठेवला मी?"

एक खण उपडा झाला. चमचे. दुसरा. सुतळी, मेणबत्त्या. इस्क्राला आता शब्दसुद्धा फुटत नव्हता. तिसरा खण! चादरी उडाल्या आणि मी उजेडात आलो.

बाबांनी मला खसाखसा हलवले. "ताठ बस. श्वास सोड. आता ओढ... धरून ठेव... सोड." एक फवारा. पुन्हा. पुन्हा. चौथ्यानंतर तिच्या ओठांवरचा निळेपणा ओसरला. खिडकी सताड उघडी होती. ती कोणी उघडली? आजीने!

आता शीळ थांबायला हवी होती. पण ती येतच होती, बाबांच्या छातीतून. त्यांनी माझी नळी पुसली आणि सगळ्यांदेखत दोन फवारे घेतले.

"रादोये! तुला अजून?"

"गेलाच नव्हता आई. माझा पंप गॅरेजमध्ये दडवलाय. पोरं हसतील म्हणून दाराआड घेतो."

"मग मुळा?"

"मुळा चवीला बरा होता."

आजी बाबांच्या शेजारी येऊन बसली. चुलीवर मिरच्या कोळसा होत होत्या, पण कोणी उठले नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर आजीने स्वतः खिडकीशेजारी खिळा ठोकला. मी आता तिथे सुतळीने लटकतो, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळेच्या बाजूला, इस्क्राचा हात सहज पोचेल असा. आणखी एक खिळा आहे. त्यावर बाबांचा पंप. मित्रांनो, आम्हाला लपवू नका, आमची लाज बाळगू नका. आम्ही एका श्वासाच्या अंतरावर असायला हवे.

आजही मिरच्या भाजणे चालू आहे. खिडकी उघडी आहे. आणि आजी डोक्याला, मानेला, कानांना लोकरी शाल गुंडाळून चुलीपाशी बसली आहे, झोताला शिव्या घालत.